मुखपृष्ठाचा निळा जांभळा का झाला?

गेल्या वर्षीचा आपला वार्षिक अंक हाती पडला तेव्हा बहुतेकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “आकाश जांभळे का?” काहींना त्यात नवचित्रकला दिसली. आमच्या मराठीच्या सरांनी तर त्यात कातरवेळेचे सूचन शोधून काढले. मुखपृष्ठाचे काम माझ्याकडे होते, म्हणून हे सारे कौतुक मी मुकाट्याने ऐकून घेतले. खरे सांगायचे तर ते आकाश निळेच व्हायचे होते. संगणकाच्या पडद्यावर ते निळे होतेही. असे निळे, की पाहणाऱ्याने थबकावे.

अंक छापून आला त्या दिवशी मी तावातावाने छापखान्यात गेलो. तिथल्या काकांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि मग मी दिलेली फाइल उघडून शांतपणे म्हणाले, “हे बघ, तू सायन शंभर टक्के मागितलास, मॅजेंटा शंभर टक्के मागितलास. मी तेवढाच दिला. हे दोन्ही एकावर एक टाकले की जांभळाच होणार. तुला निळा हवा होता हे तू लिहिलेस कुठे?” मी निरुत्तर झालो. कारण ते आकडे मी हाताने लिहिलेले नव्हते. पायथन भाषेत मीच लिहिलेल्या चार ओळींच्या प्रोग्रॅमने ते काढले होते, आणि गणिताच्या दृष्टीने त्यात एकही चूक नव्हती!

चूक नसताना चूक कशी झाली, हे समजून घेण्यात माझे दोन-तीन महिने गेले. त्यातून जे उमगले ते इथे मांडतो. गणिताचे नाव काढताच पान उलटणाऱ्या आपल्या कलाशाखेच्या बांधवांना एवढेच आश्वासन देतो, की बेरीज, वजाबाकी आणि भागाकार यांपलीकडे मी जाणार नाही.

आधी पडद्याकडे पाहू. मोबाईलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून निरखून पाहावे. थेंब भिंगाचे काम करतो आणि तांबडे, हिरवे व निळे ठिपके दिसू लागतात. पडद्यावर दुसरा कुठलाच रंग नसतो. पिवळा म्हणून जो दिसतो तो तांबडा आणि हिरवा शेजारी-शेजारी पेटल्याचा परिणाम होय. रंगपेटीत तांबडा व हिरवा मिसळून चिखल केलेल्या माणसाला हे पटत नाही, पण रंगपेटी आणि दिवा या निराळ्या गोष्टी आहेत. जेम्स क्लर्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ साली लंडनमध्ये तीन रंगांच्या काचांतून घेतलेली छायाचित्रे तीन दिव्यांनी एकाच पडद्यावर पाडून एका रंगीत फितीचे चित्र उभे केले होते. आजचा पडदा त्याच तत्त्वावर चालतो. प्रत्येक ठिपका किती पेटवायचा हे ० ते २५५ या आकड्याने सांगतात. तीन आकड्यांच्या या पत्त्याला आरजीबी म्हणतात. असे एकूण पत्ते होतात १,६७,७७,२१६.

पण माणूस असा बोलत नाही. साडीच्या दुकानात गेलेली आपली आई “तांबडा दोनशे चार, हिरवा शून्य, निळा एकशे दोन दाखवा” असे म्हणत नाही. ती म्हणते, “राणी रंगच, पण जरा कमी भडक, आणि हा फार काळपट झाला हो.” म्हणजे तिच्या बोलण्यात तीन गोष्टी असतात: रंग कोणता, तो किती भडक, आणि तो किती उजळ. अमेरिकेतील चित्रकलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगांची मांडणी प्रसिद्ध केली ती याच तीन अंगांनी. पुढे १९७८ साली अल्वी रे स्मिथ यांनी आरजीबीचे आकडे या बोलीत झटपट उतरवण्याची रीत छापली. तिला एचएसव्ही म्हणतात. चित्रे रंगवण्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममधले रंगांचे चक्र या रीतीचे वा तिच्या भावंडाचे असते.

रीत सोपी आहे. सगळे रंग एका वर्तुळावर बसवायचे: ० अंशावर तांबडा, ६० वर पिवळा, १२० वर हिरवा, १८० वर सायन, २४० वर निळा, ३०० वर मॅजेंटा. आता एक केशरी घेऊ: तांबडा २५५, हिरवा १५३, निळा ५१. तिघांतला मोठा २५५, लहान ५१, फरक २०४. उजळपणा म्हणजे मोठा भागिले २५५, अर्थात १०० टक्के. भडकपणा म्हणजे फरक भागिले मोठा, २०४ भागिले २५५, म्हणजे ८० टक्के. राहिला कोन. मोठा आकडा तांबड्याचा आहे, म्हणून आपण तांबड्याच्या अवतीभवती आहोत. किती सरकलो हे उरलेले दोघे सांगतात. हिरव्यातून निळा वजा केला, १०२. त्याला फरकाने भागले, अर्धा. साठने गुणले, ३० अंश. तांबडा आणि पिवळा यांच्या बरोबर मध्ये. केशरी तिथेच असायला हवा! मोठा आकडा हिरव्याचा असता तर निळ्यातून तांबडा वजा करून शेवटी १२० मिळवले असते. निळ्याचा असता तर तांबड्यातून हिरवा वजा करून २४०. सगळा प्रोग्रॅम एवढाच.

तरी त्यात खड्डे आहेत आणि मी प्रत्येकात पडलो आहे. आईचा राणी रंग घ्या: २०४, ०, १०२. हिरव्यातून निळा वजा केला की उणे १०२ येतात आणि कोन उणे ३० अंश. तो ३३० करून घ्यावा लागतो. ३६० ने भागून बाकी घेतली की पायथन बिनतक्रार ३३० देतो; पण तेच वाक्य सी भाषेत लिहिले तर बाकी उणे ३० च राहते. दुसरे, राखी रंग. तिन्ही आकडे सारखे असले की फरक शून्य, आणि शून्याने भागायला गेलेला प्रोग्रॅम जागीच कोसळतो. राखीला कोन नसतोच. प्रोग्रॅम लिहिणारे मग सोयीसाठी तिथे ० लिहून मोकळे होतात. पण ० म्हणजे तांबडा! एखाद्या चित्राचा भडकपणा शून्यावर आणून जतन करा आणि नंतर तो पुन्हा वाढवा, सगळे चित्र तांबडेलाल होते. तिसरे, मोजपट्ट्या. कुणी कोन ० ते ३६० मोजतो, पायथनचे कलरसिस हे मोड्यूल तो ० ते १ मध्ये देते, आणि ओपनसीव्हीत तो ० ते १७९ असतो, कारण ३६० हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही. एकाचा आकडा दुसऱ्याला दिला की हिरवी झाडे निळी व्हायला वेळ लागत नाही.

एक खड्डा मात्र मला फार आवडला. अंश आणि टक्के पूर्णांकांत ठेवले, म्हणजे ३६० कोन, १०१ पायऱ्या भडकपणाच्या आणि १०१ उजळपणाच्या, तर एकूण पत्ते होतात ३६,७२,३६०. पावणेदोन कोटींच्या आसपास असलेली वस्ती सदतीस लाखांहूनही कमी घरांत कोंबायची, तर काही जणांना एका घरात राहावेच लागणार. म्हणून असा गेलेला रंग परत येताना बहुतेक वेळा शेजाऱ्याचे रूप घेऊन येतो. उपाय साधा आहे. मधले आकडे दशांशांत ठेवावेत, गोळाबेरीज अगदी शेवटी करावी.

दशांश सांभाळले आणि राखीचा कोन लक्षात ठेवला, की आरजीबी आणि एचएसव्ही यांच्यात कितीही वेळा ये-जा करा, रंग तोच राहतो. एकाच गावाला दोन नावे आहेत इतकेच. माझी फसगत झाली ती इथे. दोन मॉडेलांमधले प्रत्येक रूपांतर असेच असते असे मी धरून चाललो.

तसे नसते याची चुणूक मला आतल्या पानांवरच मिळायला हवी होती. ती पाने काळी-पांढरी. स्नेहसंमेलनातील नाचाच्या छायाचित्रात तांबड्या आणि हिरव्या साड्यांच्या दोन रांगा होत्या. छापून आल्यावर एकच रांग उरली. मी तिन्ही आकड्यांची सरासरी घेतली होती. निव्वळ तांबडा, निव्वळ हिरवा, निव्वळ निळा, तिघांचीही सरासरी ८५! डोळा मात्र या तिघांना सारखे मानत नाही. हिरवा त्याला सर्वांत उजळ भासतो, निळा सर्वांत काळोखा. म्हणून तांबड्याला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असे वजन द्यायचे. मग तेच तीन रंग ७६, १५० आणि २९ असे वेगळे दिसतात. ही वजने रंगीत दूरदर्शनच्या जमान्यातली. १९८२ साली आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा घरोघरीचे काळे-पांढरे संच भंगारात गेले नाहीत, कारण उजळपणाचा संदेश अशाच वजनांनी करून वेगळा पाठवला जात होता. अर्थात हे रूपांतर एकेरी आहे. राखीवरून साडीचा रंग परत काढता येत नाही.

आता मुखपृष्ठ. कागद स्वतः पेटत नाही. त्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्यापर्यंत येतो. सायन शाई तांबडा गिळते, मॅजेंटा हिरवा, पिवळी निळा. तेव्हा सायन म्हणजे २५५ वजा तांबडा, मॅजेंटा म्हणजे २५५ वजा हिरवा, पिवळा म्हणजे २५५ वजा निळा, हे ओघानेच आले. तिघांत जो भाग समान असेल तो काढून त्याऐवजी काळी शाई द्यायची, कारण तीन शाया मिळून काळा न होता तपकिरी चिखल होतो, शिवाय कागद ओला होतो आणि बारीक अक्षरे तीन प्लेटांत तंतोतंत जुळत नाहीत. ही सीएमवायके पद्धत. माझ्या चार ओळी याच होत्या. आकाशाचा निळा ०, ०, २५५ होता. उत्तर: सायन १००, मॅजेंटा १००, पिवळा ०, काळा ०. काकांनी तेच छापले.

वजाबाकी बरोबर आहे, पण ती ज्या शायांसाठी आहे त्या कुठल्याच छापखान्यात मिळत नाहीत. खरी सायन शाई तांबडा प्रकाश पुरता गिळत नाही, उलट थोडा हिरवा गिळते. खरी मॅजेंटा हिरव्याबरोबर निळ्याचाही घास घेते. दोन्ही एकावर एक आल्या की निळा प्रकाश अर्धामुर्धा उरतो, त्यात चुकार तांबडा मिसळतो, आणि होतो तो काळपट जांभळा. त्याच शाया आर्ट पेपरवर एक दिसतात आणि मॅपलिथोवर दुसऱ्या, कारण मॅपलिथो शाई पिऊन घेतो. म्हणजे सीएमवायकेचे चार आकडे हा मुळी रंगच नव्हे. ती एका विशिष्ट यंत्राला, विशिष्ट कागदावर किती शाई लाव एवढी सूचना आहे.

खुद्द आरजीबीचेही तसेच. कुणाच्या पडद्याचा तांबडा, हे सांगितल्याशिवाय २५५ ला अर्थ नाही. म्हणून एसआरजीबी हे मानक १९९९ साली ठरले. त्यातही १२८ म्हणजे अर्धा प्रकाश नव्हे. तो २५५ च्या प्रकाशाच्या सुमारे २२ टक्केच असतो, आणि नीट रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला आधी हा बाक सरळ करावा लागतो.

मग खरे रूपांतर कसे करतात? सूत्राने नव्हे, मोजून. छापखान्यात शाईच्या शेकडो ज्ञात मिश्रणांचे चौकोन छापतात, प्रत्येक चौकोनाचा रंग यंत्राने मोजतात आणि एक कोष्टक तयार करतात. त्याला प्रोफाइल म्हणतात. मोजमाप लिहायला १९७६ सालचे लॅब नावाचे मॉडेल वापरतात. ते ना पडद्याचे ना शाईचे, सर्वसाधारण डोळ्याला काय दिसते त्याचे. पडद्याचा रंग आधी लॅबमध्ये आणायचा, मग कोष्टकात उलटे शोधायचे की हा रंग कुठल्या शायांनी मिळेल. लिटल सीएमएससारखी तयार लायब्ररी हे काम फुकटात करते. माझ्या चार ओळींच्या जागी तीनच ओळी पुरल्या.

कोष्टकात तो रंग नसेल तर? माझा निळा नव्हताच. पडद्याच्या आवाक्यात असलेले कित्येक भडक निळे, पोपटी आणि केशरी शाईच्या आवाक्यात येत नाहीत. तिथे प्रोग्रॅमला निवड करावी लागते: आवाक्याबाहेरचे तेवढे रंग सीमेवरच्या जवळच्या रंगावर आणायचे आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, की सगळेच चित्र थोडे-थोडे आक्रसून त्यातली नाती सांभाळायची. छायाचित्राला दुसरा मार्ग बरा, मुखपृष्ठावरच्या सपाट रंगाला पहिला. हे कोणी माणसानेच ठरवायचे असते, आणि न ठरवल्यास कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते.

एवढे कळल्यावर मी काकांकडे पुन्हा गेलो, माफी मागितली आणि यंदाच्या आकाशाचा निळा पडद्यावर न निवडता त्यांच्या छापील तक्त्यावरून निवडला: सायन १००, मॅजेंटा ६५. पडद्यावर तो गतवर्षीपेक्षा पुष्कळ बसका दिसतो. संपादक मंडळातल्या दोघींनी तर “याहून जुना बरा होता” असे स्पष्ट सांगितले. मी त्यांना छापखान्यात घेऊन गेलो. काकांनी प्रूफ काढले, वाळू दिले, मग खिडकीपाशी नेऊन दिवसाच्या उजेडात धरले आणि मान हलवली. दोघी काही बोलल्या नाहीत. हा मजकूर लिहीत आहे तेव्हा मुखपृष्ठ मशिनवर चढायचे आहे. तुम्ही वाचत आहात तेव्हा ते तुमच्या हातातच आहे. अंक मिटून एकदा पाहाच.