गाडी दारापेक्षा ठेंगणी, तरी अडली का?

पुण्याच्या कर्वेनगरात उंच इमारतींच्या मधेमधे काही जुने बंगले अजून दिसतात. अशा एका बंगल्याची कल्पना करू. त्याच्या गॅरेजचे दार सात फूट, म्हणजे २.१३ मीटर उंच आहे. साधी छोटी मोटार सुमारे दीड मीटर उंच असते. तिला हे दार ऐसपैस झाले. आता घरच्या मंडळींना डोंगरवाटांवर चालणारी उंच गाडी घ्यायची आहे. ती आत मावेल का?

उदाहरणासाठी पुण्याच्याच फोर्स मोटर्स कंपनीची ‘गुरखा’ घेऊ. २०२१ साली आलेली तीन दारांची गुरखा सुमारे २.०८ मीटर उंच असून तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २.४० मीटर आहे. २.१३ मधून २.०८ वजा केले की ५ सेंटिमीटर उरतात. गाडी मावते, असे म्हणून आपण वही मिटतो. पण प्रत्यक्षात गाडी दारात शिरताना छप्पर वरच्या तुळईवर आपटते! गणित कोठे चुकले?

वजाबाकी बरोबर आहे; पण ती सपाट जमिनीपुरतीच खरी आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो. जुना थर खरवडून काढला नाही तर रस्ता हळूहळू उंच होतो आणि शेजारचे अंगण खाली राहते. मग फाटकातून गॅरेजकडे छोटासा उतार करावा लागतो. समजा, आपला उतार दर ६ मीटरला १ मीटर उतरणारा आहे आणि तो नेमका दाराच्या उंबऱ्यापाशी संपतो.

गाडीची पुढची चाके गॅरेजच्या सपाट फरशीवर पोहोचतात, तेव्हा मागची चाके अजून उतारावरच असतात. गाडीचा सांगाडा ताठ असतो. तो जमिनीप्रमाणे वाकत नाही. त्यामुळे दोन्ही चाकांच्या टेकण्याच्या जागा जोडणारी सरळ रेषा उंबऱ्याच्या कोनावरून अधांतरी जाते. ही रेषा जमिनीपासून जितकी उचलली जाते, तितकेच छप्परही वर जाते.

हे उचलणे सर्वांत जास्त केव्हा? उंबरा दोन्ही चाकांच्या बरोबर मध्ये असतो तेव्हा. पुढचे चाक उंबऱ्याच्या आत १.२० मीटर आणि मागचे बाहेर १.२० मीटर. उतार सहास एक असल्याने मागचे चाक फरशीपेक्षा २० सेंटिमीटर वर आहे, पुढचे शून्यावर आहे. म्हणून मधला बिंदू १० सेंटिमीटर वर. नियम असा लिहिता येईल:

वाढ = चाकांमधील अंतर × उतार ÷ ४

शिवाय गाडी कलल्यामुळे तिची उभी उंची आणखी ७ मिलिमीटर वाढते. एकूण २.०८ + ०.१० + ०.००७, म्हणजे जवळजवळ २.१९ मीटर! दार ६ सेंटिमीटर कमी पडले. आणि हे घडवायला जमिनीच्या पातळीत केवळ २० सेंटिमीटरांचा, म्हणजे आठ इंचांचा फरक पुरला.

हे पडताळून पाहा. पुठ्ठ्याचा १२ सें.मी. रुंद व १०.४ सें.मी. उंच आयत कापा. ही झाली विसास एक या प्रमाणातील गाडी. खालचे दोन कोपरे म्हणजे चाके. आलेखाच्या कागदावर आडवी रेषा आणि तिला जोडून ६ सें.मी.ला १ सें.मी. चढणारी रेषा काढा. दोन्ही कोपरे रेषांवर टेकवून पुठ्ठा सरकवा आणि सांध्याच्या बरोबर वर आयताची वरची कड कोठवर पोहोचते, त्या खुणा करा. सर्वांत उंच खूण सुमारे १०.९ सें.मी.वर येईल.

आता उपाय काय? तुळई फोडणे धोक्याचे, कारण दारावरच्या भिंतीचा भार ती पेलते. त्यापेक्षा उताराचा पायथा दारापासून १.२० मीटर बाहेर आणावा. मग दारापाशी छप्पर १० ऐवजी फक्त अडीच सेंटिमीटर उचलले जाते. अंतर चाकांमधील अंतराच्या निम्मे, पण वाढ मात्र एक चतुर्थांश! कललेपणाची वाढही दोन मिलिमीटरांवर येते. गाडी २.११ मीटरपर्यंत चढते आणि २.१३ च्या दारातून निसटते. उतार तितकाच तीव्र राहिला. फक्त त्याची जागा बदलली.

तरीही दोन सेंटिमीटर म्हणजे फार थोडी जागा. छपरावर सामानाची जाळी बसवली की ती संपली. आणखी एक गंमत आहे. माणसे व सामान भरलेल्या गाडीच्या स्प्रिंगा दबतात, त्यामुळे छप्पर थोडे खाली येते. रात्री सहलीहून आलेली भरलेली गाडी कशीबशी आत शिरेल. पण सामान उतरवल्यावर स्प्रिंगा सैल होऊन छप्पर वर येईल आणि सकाळी तीच गाडी बाहेर निघताना अडेल! म्हणून माप घ्यावे ते रिकाम्या गाडीचे, आणि रोलिंग शटर असेल तर ते पूर्ण उघडून त्याच्या खालच्या कडेपासून.

गॅरेज रस्त्यापेक्षा उंच असेल तर हाच हिशेब उलटा होतो. चढ संपतो तेथे कोन वर येतो आणि गाडीचे पोट त्याच्याकडे तितकेच खाली जाते. तेथे गुरखासारखी उंच गाडी सुखाने जाते, ठेंगणी मोटार मात्र घासण्याची भीती असते. तुमच्या शाळेच्या किंवा घराच्या फाटकापाशी दोन काठ्या, एक दोरी आणि मोजपट्टी घेऊन उतार मोजा. तेथून कोणती गाडी जाईल, ते तुम्हांला गाडी आणण्यापूर्वीच सांगता येईल.