दहा झाडांतील एक

व्यापारात ‘पहिल्या प्रतीचा माल’ हे शब्द आपण रोज उच्चारतो. प्रत ठरविण्याचा अधिकार गिऱ्हाइकाचा आणि त्याची आवड ओळखून माल पुरविणे हे व्यापाऱ्याचे काम, असे आपण मानत आलो आहोत. परंतु निवड होताना जो माल बाजूला पडतो त्याचे पुढे काय होते, हे दुकानाच्या गादीवरून सहसा दिसत नाही. लाकडाच्या धंद्यात हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे गिटार बनविणाऱ्या एका कारखान्याच्या अनुभवावरून ध्यानात येते.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात बॉब टेलर आणि कर्ट लिस्टग यांनी १९७४ साली ‘टेलर गिटार्स’ ही कंपनी सुरू केली. गिटारच्या दांड्यावर, जेथे वादकाची बोटे तारा दाबतात, तेथे एक कठीण लाकडी पट्टी बसविलेली असते. ती लवकर झिजू नये म्हणून तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आबनूस वापरला जातो. व्हायोलिनलाही हेच लाकूड लागते. आबनूस हा आपल्या तेंदूच्या, म्हणजेच टेंभुर्णीच्या कुळातील वृक्ष. विदर्भाच्या जंगलात ज्याची पाने विडीसाठी तोडली जातात, त्याचाच हा आफ्रिकेतील भाऊबंद.

२००८ साली अमेरिकेने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून, परदेशात बेकायदा तोडलेल्या लाकडाचा व्यापार हा गुन्हा ठरविला. ‘माल कोठून आला हे आम्हांस ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सोय उरली नाही. २०११ मध्ये टेलर कंपनीने मादिंतेर या स्पॅनिश लाकूड-व्यापारी कंपनीच्या भागीदारीत, कॅमेरूनची राजधानी याउंदे येथील ‘क्रेलिकाम’ हा आबनूस कापण्याचा कारखाना विकत घेतला. त्यामुळे कित्येक वर्षे केवळ खरेदीदार असलेल्या माणसांना प्रथमच जंगलापर्यंत जावे लागले.

तेथे तोडणाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट ऐकून टेलर अस्वस्थ झाले. बाजाराला केवळ काळाभोर आबनूस हवा असे. पण झाडाचा गाभा पूर्ण काळा आहे की त्यात तपकिरी, पिवळसर रेघा आहेत, हे उभ्या झाडाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी झाड तोडावेच लागते. एक काळे झाड मिळेपर्यंत सुमारे दहा झाडे पडत. रेघांच्या लाकडाला भाव इतका कमी, की घनदाट अरण्यातून ते वाहून आणणे परवडत नसे. उरलेली झाडे जागीच कुजत. वास्तविक रेघांमुळे लाकडाच्या मजबुतीत किंवा आवाजात काही उणेपणा येत नाही. उणेपणा होता तो फक्त पाहणाऱ्याच्या सवयीत.

यावर कंपनीने घेतलेला निर्णय व्यापारी दृष्टीने धाडसाचा होता. रेघांच्या लाकडालाही काळ्या लाकडाइतकाच भाव द्यायचा आणि ते आपल्या वाद्यांत, अगदी महागड्या वाद्यांतही, उघडपणे वापरायचे. ग्राहक नाक मुरडतील, ही भीती होतीच. म्हणून टेलर यांनी २०१२ मध्ये एका चित्रफितीतून ही सारी हकिकत ग्राहकांपुढे मांडली. दोष लपविण्याऐवजी त्यामागचे कारण सांगितले. क्रेलिकामचा माल इतर वाद्यनिर्मातेही घेत असल्याने या निर्णयाचा परिणाम एका कंपनीपुरता राहिला नाही. २०१४ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या कामाबद्दल कंपनीला गौरविले.

काटकसरीची हीच दृष्टी कारखान्याच्या इतर कामांतही दिसते. गिटारचा दांडा एकाच अखंड ठोकळ्यातून कोरला, तर बरेचसे लाकूड भुश्यात जाते. तोच तुकडे सांधून तयार केला, तर तेवढ्याच लाकडातून अधिक दांडे निघतात. कॅलिफोर्नियातील शहरांत वय झाल्यामुळे किंवा धोकादायक ठरल्यामुळे काढाव्या लागणाऱ्या झाडांचे लाकूडही २०२० पासून कंपनीने वाद्यांसाठी वापरावयास घेतले.

वाचविण्याबरोबर लावणेही आले. २०१६ मध्ये ‘काँगो बेसिन इन्स्टिट्यूट’ या संशोधन संस्थेच्या साह्याने कॅमेरूनमध्ये आबनुसाच्या लागवडीचा प्रकल्प सुरू झाला. पहिले उद्दिष्ट पंधरा हजार रोपांचे होते. रोपे स्थानिक गावकरी वाढवितात. आबनूस तयार होण्यास कित्येक दशके लागतात. तोवर गावाला काही मिळावे म्हणून त्यासोबत फळझाडेही लावली जातात. या निमित्ताने झालेल्या अभ्यासातून, आबनुसाची फळे खाऊन बिया दूरवर पसरविण्याचे काम जंगलातील हत्ती करतात, हेही पुढे आले. म्हणजे हत्ती उरला नाही, तर आबनूसही विरळ होणार.

या प्रयत्नांचे मोल वाजवीपेक्षा वाढवून सांगण्याचे कारण नाही. काँगो खोऱ्यातील अफाट अरण्यापुढे काही हजार रोपे थोडीच. आणि ज्याने ती लावली, त्याच्या हयातीत त्यांचे लाकूड विक्रीस येणार नाही. पण रेघांच्या लाकडाला रास्त भाव मिळाल्याचा लाभ मात्र तात्काळ होतो. त्यासाठी झाड वाढण्याची वाट पाहावी लागत नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे फर्निचर, प्लायवूड, इमारती लाकूड यांच्या व्यवसायात आहेत. बाकीचे सारे निदान ग्राहक तरी आहेतच. लाकूड कोणत्या जंगलातले, त्याची कागदपत्रे कोणती, हे विचारणे आपल्या हाती आहे. गाठ असलेली पण मजबूत फळी केवळ रूपावरून नाकारू नये, उरलेल्या तुकड्यांतून पाट, चौरंग, फडताळे करवून घ्यावीत, हेही आपल्या हाती आहे. गिऱ्हाइकाला रेघ दिसली, तर ती झाडाची नैसर्गिक खूण आहे, हे समजावून सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. कॅमेरूनच्या जंगलात नऊ झाडे वाया जात होती, ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. हजारो मैलांवरच्या खरेदीदारांनी एक रंग पसंत केला होता आणि बाकीच्यांचे काय होते हे विचारले नव्हते, एवढ्यामुळेच.