यंदाबोच्या तहाची दोनशे वर्षे

२४ फेब्रुवारी १८२६ रोजी यंदाबो इथे ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रह्मदेशाचा राजा यांच्यात तह झाला. फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली. नागांचे डोंगर ज्या रेषेने पुढे दुभंगले तिची सुरुवात या तहात आहे, आणि तह करणाऱ्यांत एकही नागा नव्हता. ६ फेब्रुवारी २०२४ ला म्यानमारच्या संपूर्ण १,६४३ किलोमीटर सीमेवर कुंपण घालण्याचा निर्णय दिल्लीने जाहीर केला. तोही नागांना विचारून झाला नव्हता. नागालँड विधानसभेला १ मार्चला एकमताने ठराव करून विरोध नोंदवावा लागला.

मधली दीड शतके भरभर उलटता येतात. १९२९ मध्ये नागा क्लबने सायमन कमिशनला निवेदन देऊन सांगितले की, आमचे भवितव्य आम्हाला ठरवू द्या. १४ ऑगस्ट १९४७ ला नागांनी स्वातंत्र्य जाहीर केले, ते कुणी मानले नाही. ३० मार्च १९५३ ला नेहरू आणि ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू कोहिमात एकत्र आले. निवेदन देऊ दिले नाही म्हणून जमलेले नागा सभा सोडून निघून गेले. त्यानंतर सैन्य आले, १९५८ चा सशस्त्र दलांचा विशेषाधिकार कायदा आला, १९६३ मध्ये राज्य मिळाले. १० मार्च १९६७ ला भारत आणि ब्रह्मदेशाने सीमा करारावर सह्या केल्या. त्या वेळीही नागांचे मत कुणी घेतले नाही.

मला बोलायचे आहे ते १९९७ नंतरच्या दहा वर्षांबद्दल. ती मी नोकरीनिमित्त दिमापुरात काढली. १ ऑगस्ट १९९७ ला केंद्र सरकार आणि एनएससीएन या सशस्त्र नागा संघटनेचा इसाक-मुइवा गट यांच्यात शस्त्रसंधी लागू झाली. अंधार पडायच्या आत दुकाने बंद करणारे लोक हळूहळू रात्रीचे रस्त्यावर दिसू लागले. लग्ने उशिरापर्यंत चालू लागली. इतक्या साध्या गोष्टींसाठी माणसे किती आसुसलेली असतात, हे मला तिथे कळले.

त्याच काळात मी मोन जिल्ह्यातल्या लोंग्वाला गेले. तिथे कोन्याकांच्या आंगाचे, म्हणजे वंशपरंपरागत प्रमुखाचे, घर सीमारेषेवरच आहे. त्याचा मान पलीकडच्या गावांतही आहे. अलीकडच्या माणसाचे झूमचे, म्हणजे फिरत्या शेतीचे, शेत पलीकडे, पलीकडच्या मुलाची शाळा अलीकडे. आजारी माणसाला अलीकडच्या दवाखान्यात आणायचे, मयताला दोन्हीकडून जायचे. नोकलाककडचे खियामनियुंगन, उखरुलचे तांगखुल, सगळ्यांची आप्तमंडळी रेषेच्या दोन्ही अंगांना. सीमेपासून ४० किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा करण्याची मुभा तेव्हा होती. २००४ मध्ये ती १६ किलोमीटरवर आली.

त्या दशकातला माझा राग अजून गेलेला नाही. पहिला राग दिल्लीवर. १४ जून २००१ ला बँकॉकमध्ये केंद्र आणि इसाक-मुइवा गट यांच्यात शस्त्रसंधी ‘प्रादेशिक मर्यादेविना’, म्हणजे नागालँडबाहेरही, वाढवल्याचा करार झाला. १८ जूनला इम्फाळ पेटले, विधानसभेची इमारत जळली, गोळीबारात अठरा माणसे मेली. जुलैत ते शब्द मागे घेतले गेले. मणिपूरच्या मैतेई लोकांना त्यांची भूमी तुटण्याचे भय वाटते, हे दिल्लीला आधी ठाऊक होते. तरी त्यांच्याशी न बोलता सही केली आणि नागांशी न बोलता ती फिरवली. दोन शेजारी समाजांत तेव्हा जे विष कालवले गेले, ते उतरलेच नाही.

दुसरा राग नागांच्या सशस्त्र गटांवर. १९८० मध्ये एनएससीएनची स्थापना पलीकडच्या, ब्रह्मदेशातल्या नागा डोंगरात झाली होती. इसाक स्वू, मुइवा आणि पलीकडचे हेमी नागा असलेले खापलांग एकत्र होते. ३० एप्रिल १९८८ ला खापलांगच्या माणसांनी साथीदारांवरच हल्ला केला, आणि संघटना फुटली. पुढची वीस वर्षे भावाने भावाला मारले. मी राहत होते तेव्हा प्रत्येक गट दुकानदाराकडून आपला वेगळा ‘टॅक्स’ घेई. ‘आता रक्त सांडू नका’ म्हणत नागा मदर्स असोसिएशनच्या बायका १९९४ पासून या बंदुकांसमोर उभ्या राहत होत्या. त्यांचे ऐकले असते तर पलीकडचे नागा इतके एकटे पडले नसते. शस्त्रसंधी व्हायची ती अलीकडच्यांपुरती, चर्चा व्हायची ती अलीकडच्यांचीच.

तिसरा राग आपल्यावर. दिमापुरातून मी एका मराठी वृत्तपत्राला लेख पाठवत असे. वाचकांना यात रस नाही, असे उत्तर येई. बेळगावसाठी पिढ्यान्पिढ्या झुरणाऱ्या वाचकाला हे दुःख कळले नसते, यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

आता कुंपणाची बाजू. मणिपुरात ३ मे २०२३ पासूनच्या वांशिक हिंसाचारात माणसे मेली, म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर युद्ध पेटले, अमली पदार्थ आणि शस्त्रे येतात. ही चिंता खरी आहे. पण तिचे उत्तर चौक्या, पोलीस आणि गावांचा विश्वास हे आहे. मोरेहजवळ १० किलोमीटरचे कुंपण आधीच उभे आहे. उरलेल्या डोंगरात ते उभारले, तर तस्कर दुसरी वाट काढील. शेताकडे जाणारी बाई मात्र अडेल. डिसेंबर २०२४ पासून ये-जा १० किलोमीटरपुरती उरली आहे, तीही सीमा-पास घेऊन. चाळीस, सोळा, दहा: प्रत्येक सरकारने थोडे थोडे कापले.

या कुंपणाने एक गोष्ट मात्र घडवली. नागालँडची विधानसभा, मणिपूरची युनायटेड नागा कौन्सिल, विद्यार्थी संघटना आणि एकमेकांचे तोंड न पाहणारे गट एकच मागणी करू लागले: कुंपण नको, जुनी ये-जा परत द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये युनायटेड नागा कौन्सिलने याच मागणीसाठी मणिपुरात व्यापारबंदी पुकारली. १९९७ नंतरच्या दशकात मला जी एकी दिसली नाही, ती आता दिसते आहे.

दिल्लीने खांब रोवण्याआधी सीमेवरच्या गावसभांशी बोलावे. आणि नागा नेत्यांनी पलीकडच्या, म्यानमारमधल्या लाहे, लेशी, नानयुनच्या नागांना आपल्या प्रत्येक चर्चेत बरोबरीने बसवावे. पलीकडचा नागा चर्चेबाहेर राहिला, तर ही एकी कुंपणाच्या आधी पडेल.