रिलेच्या टीममध्ये काकांचं वय का मोजायचं?

कुठे ऐकताय? ट्रेनमध्ये असाल तर दारापासून थोडं आत सरका, मग पुढे.

मागच्या भागात बोलता बोलता सांगून गेलो होतो की आमच्या मुलुंडच्या पोहण्याच्या ग्रुपमध्ये मास्टर्स स्पर्धेच्या टीम लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यावर एकाने विचारलं, "मास्टर्स म्हणजे एम.ए. झालेल्यांची स्पर्धा का?" नाही रे बाबा. मास्टर्स म्हणजे पंचवीस आणि त्यापुढच्या वयाच्या हौशी माणसांचं पोहणं. ऑफिसला जाणारे, रिटायर झालेले, डबे करून तलावावर येणाऱ्या ताया, सगळे. याची पहिली जागतिक स्पर्धा १९८६ साली टोकियोला झाली. आपल्याकडे अंधेरी, मुलुंड, कांदिवलीच्या तलावांवर पहाटेच्या बॅचला जी पन्नाशी-साठीची मंडळी दिसतात ना, तीच यात उतरतात.

एकट्याच्या शर्यतीत वयाचा प्रश्न सोपा असतो. पाच-पाच वर्षांचे गट: २५ ते २९, ३० ते ३४, असं वर वर. वय मोजायचं ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जितकं होईल तितकं. म्हणजे स्पर्धेच्या सालातून जन्मसाल वजा करायचं, की झालं. तुमचा वाढदिवस नोव्हेंबरात असला आणि स्पर्धा फेब्रुवारीत असली तरी वय वाढलेलंच धरतात.

खरी गंमत रिलेत आहे. चार जणांची टीम, आणि चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो. १०० ते ११९ हा पहिला. मग १२० ते १५९, १६० ते १९९, २०० ते २३९, २४० ते २७९, आणि त्याच्याही वर. मिक्स्ड रिले असेल तर दोन बायका, दोन पुरुष. आणि चौघंही एकाच क्लबचे हवेत.

मी पहिली यादी कशी केली माहितीये? घड्याळ बघून. सगळ्यात फास्ट चौघं 'ए' टीम, पुढचे चौघं 'बी' टीम. आपण कॉलेजात असंच करायचो ना. यादी ग्रुपवर टाकली आणि तलावाच्या पायरीवर बसलेल्या एका मावशींनी शांतपणे विचारलं, "माझं नाव कुठाय रे?" त्या पंचावन्नच्या. माझ्या डोक्यात त्या 'स्लो' होत्या. नियम नीट वाचला तेव्हा कळलं की मी स्पर्धेचा मुद्दाच विसरलो होतो. इथे वय टीमच्या कामाला येतं.

आता आकडे बघू. स्पर्धा २०२५ ची. एक काका ६८, दुसरे ६१, एक ताई ५७, दुसरी ताई ५२. बेरीज २३८. म्हणजे गट २०० ते २३९. या गटात दुसऱ्या टोकाला बरोब्बर दोनशेची टीम असू शकते, म्हणजे सरासरी पन्नाशीची माणसं, आणि आमची सरासरी साठीला टेकलेली. तिथे आमचे काका घाम गाळणार, अर्थात पाण्यात तो दिसत नाही. आता ५२ च्या ताईंच्या जागी ५५ च्या मावशी घेतल्या तर बेरीज २४१. वरचा गट, आणि तिथे आमची टीम चक्क तरुणांपैकी! मावशी पन्नास मीटरला पाच-सहा सेकंद जास्त घेतात, पण समोरचे सत्तरीचे असू शकतात.

पण मग ५२ च्या ताईंचं काय? त्या दुसऱ्या टीममध्ये ३३, ३६ आणि ३८ सोबत गेल्या. बेरीज १५९. अरे देवा. एका वर्षाने खालच्या गटात अडकल्या. ३८ वाल्याच्या जागी ४१ चा दादा घेतला की १६२, गट बदलला. मग तो ३८ वाला मोकळा, त्याच्यासाठी तिसरी टीम शोधा. लोकलच्या चौथ्या सीटसारखं आहे हे. एक जण सरकला की सगळ्यांना सरकावं लागतं, आणि कुणीतरी उभं राहतंच.

धावण्याच्या मास्टर्समध्ये हिशेब वेगळा आहे, गोंधळ करू नका. तिथे सुरुवात पस्तिशीपासून, आणि रिलेत टीममधल्या सगळ्यात लहान माणसाचं वय धरतात. तिथे तीन साठीच्या काकांसोबत एक बावन्नचा घेतला की काकांची वर्षं फुकट गेली. मला विचाराल तर पोहण्याचा नियम जास्त छान आहे, वेगवेगळ्या वयाची माणसं एकत्र येतात. हे माझं मत हं.

आता जी गोष्ट मला झोपू देत नव्हती ती. ते ६८ चे काका. कागदावर जन्मतारीख १ जून १९५७. तुमच्या घरीही एखादे आजोबा '१ जून'वाले असतील बघा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी शाळा सुरू व्हायच्या बेताची तारीख लिहून टाकलेली. काका म्हणाले, "अरे, मी पंचावन्न सालचा. आईच सांगायची." म्हणजे खरं वय ७०. ते धरलं असतं तर आधीचीच टीम, ५२ च्या ताईंसकट, २४० वर गेली असती. कुणालाच हलवावं लागलं नसतं! पण फॉर्मवर पुराव्याची तारीख लागते, आईची आठवण चालत नाही. एकाने सुचवलं, "लिहून टाक १९५५, कोण बघतंय?" नाही लिहिलं. उद्या आधार कार्ड मागितलं तर टीम बाद, आणि चौघांची पहाट वाया. शिवाय तेच काका दोन वर्षांनी मोठ्या गटात सहज बसणार आहेत.

शेवटी ताईंशी फोनवर नाही, समोर बसून बोललो. ही चूक माझी होती, आधी यादी टाकली आणि मग हिशेब केला. म्हणून तुम्ही करत असाल तर आधी सगळ्यांची जन्मसालं पुराव्यावरून लिहून घ्या, मग पन्नास मीटरचा वेळ, मग बेरजा मांडा. ग्रुपवर सगळ्यात शेवटी.

अजून एक. वयस्कर मंडळी उडी मारायला घाबरून नाव देत नाहीत. त्यांना सांगा, मास्टर्समध्ये कठड्यावरून किंवा पाण्यातच भिंतीला पाय लावून सुरुवात करता येते. बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किकही चालते. आमच्या मावशींनी हे ऐकल्यावरच फॉर्मवर सही केली. डॉक्टरांना दाखवून घ्या, ते मात्र टाळू नका.

काकांनी कागदावरचं वय मान्य केलंय. वाढदिवस मात्र ते दिवाळीच्या पाडव्यालाच करतात, आणि त्या दिवशी पहाटेच्या बॅचला शंकरपाळे असतात.