पाणी सोडणाऱ्याचे शिक्षण

मुरुड म्हटले की महाराष्ट्राला आठवतो तो जंजिरा, नाहीतर दापोलीचा किनारा. लातूर तालुक्यातले मुरुड समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, अवर्षणाच्या पट्ट्यात, लातूर-बार्शी रस्त्यावर आहे. रेल्वे स्टेशन आहे, भरलेली बाजारपेठ आहे, आणि ग्रामपंचायतीच्या कारभारातच गाव शहराएवढे वाढलेले आहे. मराठवाड्यात अशी गावे जागोजागी सापडतील. कागदावर त्यांची पाणीपुरवठा योजना ग्रामीण असते. प्रत्यक्षात उंच टाकी, निरनिराळ्या काळात टाकलेल्या वाहिन्या, वॉर्डावॉर्डांच्या पाळ्या आणि रोज वाढणारी नळजोडणी असा सगळा पसारा शहरी असतो. महापालिकेत या पसाऱ्यामागे अभियंत्यांची फळी उभी असते. अशा गावात अभियंता बसतो तालुक्याला किंवा जिल्ह्याला, आणि गावातली योजना दोन-चार माणसांच्या हाती असते. दप्तरात त्यांना पाणीपुरवठा कर्मचारी म्हणतात, गल्लीत ‘पाणी सोडणारा’. मोर्चा टाकीवर येतो तेव्हा शिव्या त्यालाच मिळतात. त्याच्या कामात किती विद्या लागते हे मात्र अजून कोणी नीट मोजलेले नाही, आणि या भागाच्या पाणीप्रश्नातले सर्वात स्वस्त उत्तर आपण तिथेच हरवून बसलो आहोत असे माझे म्हणणे आहे.

काम लांबून सोपे दिसते: चावी घालायची, फिरवायची, पाणी सुरू. पण व्हॉल्व्ह फटकन बंद केला तर वाहते पाणी जागच्या जागी अडते आणि त्याचा धक्का उलटा वाहिनीत धावतो. सेकंदाला एक मीटर वेगाने येणारे पाणी पीव्हीसी पाइपात एकदम थांबवले, तर नेहमीच्या दाबावर आणखी तीस-चाळीस मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब क्षणभर चढतो. सांधे सुटतात ते अनेकदा अशा धक्क्यांनी. दोष मात्र ठेकेदाराच्या पाइपावर जातो. म्हणून जाणता माणूस आटे मोजत व्हॉल्व्ह बंद करतो, आणि शेवटचे काही आटे अगदी सावकाश. कोणत्या गल्लीचा चढ किती, कोणत्या वॉर्डाला आधी सोडले तर शेवटच्या घरापर्यंत धार पोहोचते, उंचवट्यावरचा एअर व्हॉल्व्ह अडकला तर पाणी कुठे अडते, हा सगळा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. तो बहुधा फक्त तिथेच असतो, हीच अडचण. माणूस निवृत्त झाला किंवा आजारी पडला की गावाची वितरण व्यवस्था त्याच्याबरोबर घरी जाते. पुढचा माणूस व्हॉल्व्ह शोधायला रस्ता खणतो.

दुसरी विद्या टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची. एक हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण बहुतेकांना पाठ असते. म्हणजे लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो. पण ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असते आणि पोते उघडे राहिले, ओल लागली, उन्हाळा गेला की ते उतरत जाते. २० टक्क्यांवर आलेल्या पावडरीचा अर्धा किलो टाकला तर पाण्यात लिटरमागे जेमतेम एक मिलिग्रॅम क्लोरीन पडते. आधीइतकाच परिणाम हवा असेल तर सव्वाआठशे ग्रॅम लागेल. ती कोरडी टाकीत ओतून चालत नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी टाकीत सोडायचे आणि अर्धा तास थांबायचे. मग टाकीशी नव्हे, गावाच्या टोकाच्या नळाशी ओटी तपासणी करायची: नळीत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, आणि पिवळा रंग आला की क्लोरीन तिथवर पोहोचले. टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरले पाहिजे. पाळीने पाणी देणाऱ्या गावात ही तपासणी अधिकच गरजेची, कारण पाणी बंद असताना वाहिनीतला दाब जातो आणि चेंबरात किंवा गटारालगत साचलेले पाणी फटीतून आत ओढले जाते. दोन टक्केवाऱ्या आणि एक त्रैराशिक, एवढेच हे गणित. ते कोणी समजावून दिले नाही, तर माणूस वर्षानुवर्षे निष्ठेने चुकीचे प्रमाण टाकत राहील.

मुळात धरणातच पाणी नसेल तर शिकवून काय करायचे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यावर २०१६ साली लातूरने काय भोगले ते सर्वांना ठाऊक आहे. टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींची ‘जलदूत’ एका फेरीत पंचवीस लाख लिटर आणू लागली. मिरज-लातूर मार्गावर मुरुड स्टेशन लागते, म्हणजे ते पाणी मुरुडच्या फलाटाला घासूनच पुढे गेले. तेव्हा अवर्षण शिक्षणाने हटत नाही हे मान्यच. पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा. २० मीटर दाबाच्या वाहिनीला सहा मिलिमीटरचे, म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक भोक पडले, तर त्यातून तासाला सुमारे बाराशे लिटर पाणी जाते. ते चोवीस तास भरलेल्या मुख्य वाहिनीवर असेल, तर दिवसाला २९ हजार लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने हे पाचशेहून अधिक माणसांचे पाणी झाले. अशी गळती कानाने, दाबमापकाने आणि रात्रीच्या टाकीच्या पातळीवरून कशी हुडकायची, हे काही दिवसांत शिकवता येते. पाणी कमी असते तेव्हाच ही विद्या सर्वात महाग असते.

शिकवण्याची सोय अजिबात नाही असेही नाही. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची नाशिकची प्रशिक्षण संस्था ‘मित्रा’ याच कामासाठी आहे. (अलीकडे राज्याच्या धोरणसंस्थेलाही तेच नाव मिळाल्याने गोंधळ होतो, ही मित्रा पाण्याची.) ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमलेला असतो. गावागावांत पाच महिलांना पाणी तपासणीचे संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. ‘नल जल मित्र’ योजनेत गावातल्याच तरुणांना नळजोडणी, गवंडीकाम, मोटर-पंप आणि वीजजोडणीची कौशल्ये द्यायची आहेत. आयटीआयमध्ये प्लंबर, फिटर, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम आहेतच. उणीव वेगळीच आहे. नाशिक मुरुडपासून चारशे किलोमीटरच्या आसपास. पाणी सोडणारा चार दिवस तिकडे गेला तर इथे पाणी कोण सोडणार? म्हणून प्रशिक्षणाला जातो तो बहुधा ज्याच्यावाचून अडत नाही तो. शिवाय या क्षेत्रातले बातमीपत्र, नियमपुस्तक, नवी उपकरणे यांची चर्चा इंग्रजीत चालते. केंद्राची देखभाल-दुरुस्तीची जाडजूड संहिता २००५ सालची, पाणीपुरवठ्याची नवी संहिता २०२४ सालची. इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन १९६८ पासून काम करते, तिचे नियतकालिकही इंग्रजी. अभियंत्याला ते पुरते. चावी फिरवणाऱ्यापर्यंत त्यातले येते ते परिपत्रक होऊन, आणि परिपत्रकात कारण नसते, आदेश असतो.

अनुभव हीच खरी शाळा, हा आक्षेप सर्वात मोठा आणि अर्धा खराही आहे. गल्लीचा चढ नाशिकला शिकवता येत नाही. पण निव्वळ अनुभवावर विसंबण्याचा परिणाम कॅनडातल्या वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावाने मे २००० मध्ये पाहिला. पावसाने गुरांच्या शेणातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. योजना चालवणाऱ्यांपाशी परवाने होते, पण ते परीक्षा न देता, जुन्या नोकरीच्या जोरावर मिळालेले. क्लोरीन रोज मोजले जात नव्हते, नोंदवहीत आकडे मात्र भरले जात होते. सात माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. चौकशीनंतर २००४ मध्ये तिथेच पाणी कर्मचाऱ्यांची प्रशिक्षण संस्था निघाली. या घटनेत नुसता अनुभव अपुरा ठरतो, तसा नुसता कागदही. आपल्याकडे हजेरीपत्रकावर सह्या घेऊन प्रशिक्षण ‘पूर्ण’ दाखवण्याची जी रीत आहे, तिने वॉकर्टनसारखेच परवाने तयार होतील.

शिकलेला माणूस गाव सोडून जाईल, ही सरपंचांची भीती. जाईलही. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला किमान वेतनासाठीही आंदोलने करावी लागतात, आणि शासनाकडून येणारा पगाराचा वाटा करवसुलीच्या अटींत अडकतो. जिल्हा परिषदेच्या वर्ग तीन-चारच्या भरतीत त्यांना दहा टक्के जागा राखीव आहेत, पण मंजूर पदांच्या आकृतिबंधात नसलेल्याला त्याचा उपयोग नाही. तेव्हा शिक्षणाला वेतनाची पायरी जोडा, म्हणजे माणूस टिकेल. न शिकवता टिकवलेला माणूस गावाला स्वस्त पडतो ही समजूत पाइपदुरुस्तीची बिले पाहिली की उतरेल. आता सगळे यंत्रच करील असेही सांगितले जाते. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले, त्यात यंत्राचा वाटा मोठाच होता. पण मीटर वाचून कुठे गळते ते ओळखणारा आणि तासाभरात तिथे पोहोचणारा माणूस नसेल, तर यंत्रणा गंजायला वेळ लागत नाही. बंद पडलेले फ्लो मीटर ही आपल्या योजनांची नेहमीची ओळख आहे.

शाळेनेच टाकीपाशी यावे, हा उपाय बरा. अमेरिकेत छोट्या गावांच्या योजनांसाठी फिरते तंत्रज्ञ १९८० पासून काम करतात. ते गावात येतात, तिथल्याच पंपावर, तिथल्याच माणसाला शिकवतात. लातूरचा आयटीआय, जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग आणि जीवन प्राधिकरण यांना एक जीप, एक दाबमापक आणि दोन जाणते फिटर घेऊन हे करता येईल. पहिल्या फेरीत गावाच्या व्हॉल्व्हचा नकाशा पाणी सोडणाऱ्याच्या सांगण्यावरून कागदावर उतरवावा आणि त्यावर त्याचे नाव घालावे. पुढच्या ग्रामसभेत पाणीपट्टीचा विषय निघाला की तीन गोष्टी मागा: क्लोरीनची नोंदवही, व्हॉल्व्हचा नकाशा, आणि पाणी सोडणाऱ्याच्या शेवटच्या प्रशिक्षणाची तारीख. यातले काहीच नसेल तर ठराव तिथेच मांडा, आणि तो प्रशिक्षणाला जाईल त्या चार दिवसांसाठी बदली माणसाची सोयही त्याच ठरावात लिहा.