उचल देण्याआधी जमिनीचा खार पाहा

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातील आपले अनेक बागवान बंधू हंगामाआधी बागायतदारांना उचल देतात आणि पुढे माल गाळ्यावर आणतात. बारामती-इंदापूरच्या कालवा भागात मात्र जमिनी खारवट होण्याचा प्रश्न जुना आहे. पाणी जास्त दिले की भूजल वर येते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मुळांशी साठतो. द्राक्ष, मोसंबी, लिंबू यांना तो सोसत नाही. उतारा घटतो, उचल अडकते.

हा खार उपग्रहातून हेरता येतो. क्षाराचा पांढरा थर सूर्यप्रकाश जास्त परतवतो, म्हणून चित्रात उजळ दिसतो. १९८८ साली सुटलेल्या भारताच्या आयआरएस-१ए ची नजर ३६ मीटरपर्यंत होती. २०१५ साली सुटलेल्या युरोपच्या सेंटिनेल-२ ची ती १० मीटर असून चित्रे मोफत मिळतात. पाहणीस पावसाळ्यापूर्वीचा उन्हाळा उत्तम.

पण काळ्या चोपण जमिनीवर पांढरा थर येतोच असे नाही आणि कोरडी वाळूही उजळ दिसते. म्हणून चित्राने जागा हेरावी, निर्णय माती परीक्षणावर घ्यावा. विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असल्यास जमीन खारवट, सामू ८.५ च्या वर असल्यास चोपणाचा संशय धरावा.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही कुरआनची शिकवण आहे. त्या कागदात गट क्रमांक लिहावा, सोबत माती परीक्षणाचा अहवालही जोडावा. बुडालेल्या उचलीपुढे परीक्षणाचा खर्च काहीच नाही.