'डिसीव्ह' या क्रियापदाचा अर्थ व प्रयोग

इंग्रजीतील 'डिसीव्ह' या क्रियापदास 'फसवणे' हा मराठी प्रतिशब्द सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. दोन्ही शब्दांची अर्थक्षेत्रे काही भागापुरतीच जुळतात. आणि जेथे ती जुळत नाहीत तेथेच आपल्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन अडखळते.

हा शब्द लॅटिन 'देकिपेरे'पासून जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. त्यातील मूळ धातूचा अर्थ 'पकडणे' असा आहे. सावज पाशात सापडावे, तसा मनुष्य खोट्या समजुतीत सापडणे हा या क्रियापदाचा गाभा होय. म्हणून ते केवळ कृती सांगत नाही, कृतीचे फळही सांगते. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मधील आपल्या ग्रंथात 'जिंकणे' यांसारखी जी सिद्धिदर्शक क्रियापदे वेगळी काढली, त्यांच्याशी याचे नाते आहे. 'तो खोटे बोलला, पण मी विश्वास ठेवला नाही' हे वाक्य निर्दोष आहे. तेथे 'डिसीव्ह' घातल्यास वाक्य स्वतःलाच खोडून काढते. अशा वेळी 'ट्राय टू डिसीव्ह' असेच म्हणावयास हवे.

उलटपक्षी, असत्य न बोलताही हे क्रियापद सार्थ ठरते. देवलांनी 'झुंजारराव' म्हणून मराठीत आणलेल्या शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'तील यागो पाहा. त्याची काही विधाने निखालस खोटी आहेत. परंतु संशयाचे बीज तो प्रथम रुजवितो ते अर्धवट उद्गारांनी, प्रश्नांनी आणि मौनाने.

मराठीत दुकानदार दहा रुपयांना 'फसवतो'. इंग्रजीत तेथे 'चीट' हवे. 'डिसीव्ह'चा संबंध समजुतीशी, 'चीट'चा अन्याय्य लाभाशी. हा भेद आपल्या कायद्यानेही पाळला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४१५ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये, 'चीटिंग'च्या व्याख्येत 'डिसीव्ह' हे साधन आहे. खोटी समजूत करून दिल्यामुळे समोरच्याने मालमत्ता हवाली करणे किंवा हानिकारक कृती करणे यांसारखा परिणाम घडल्यावाचून तो गुन्हा पुरा होत नाही. व्याख्येच्या स्पष्टीकरणानुसार वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे लपविणे हेही 'डिसेप्शन'च होय.

आता रचनेचा विचार करू. या क्रियापदाचे कर्म म्हणजे ज्याची समजूत चुकते ती व्यक्ती. त्या समजुतीपोटी तिच्याकडून काही करविले असल्यास 'इन्टू' हे अव्यय येते. ज्या बाबीविषयी भ्रम निर्माण केला ती 'अबाउट'ने दर्शविली जाते. कर्ता निर्जीवही असू शकतो: डोळे, बाह्य रूप, स्मृती. तेथे हेतूचा प्रश्न उद्भवत नाही. विशेषणांतही हाच भेद आहे. 'डिसीटफुल' मनुष्याच्या कपटी वृत्तीविषयी, तर 'डिसेप्टिव्ह' बहुधा दिसण्याविषयी. शांत दिसणारे खोल पाणी 'डिसेप्टिव्ह' असते, 'डिसीटफुल' नव्हे.

कर्ता मनुष्य असला म्हणजे मात्र सामान्यतः हेतू गृहीत धरला जातो. एखाद्या पूर्वसूरीच्या कोष्टकामुळे वाचकाचा गैरसमज होत असेल, तर 'मिसलीड' हे क्रियापद पुरेसे आहे. त्यात हेतूचा निवाडा अंतर्भूत नाही. 'डिसीव्ह' लिहिणे म्हणजे अप्रामाणिकपणाचा आरोप करणे होय, आणि तो पुराव्यावाचून करता येत नाही.

शेवटी आत्मवाचक प्रयोग. जेन ऑस्टिनच्या डिसेंबर १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एमा' या कादंबरीची नायिका, एल्टनचे मन आपल्या मैत्रिणीवर जडले आहे असे मानते आणि प्रत्येक विपरीत खूण त्याच समजुतीत बसविते. ती मैत्रिणीला 'मिसलीड' करते; स्वतःला मात्र 'डिसीव्ह' करते. 'डिल्यूड'ही येथे शोभेल, कारण पुरावा समोर असूनही टिकून राहणाऱ्या भ्रमावर त्या क्रियापदाचा भर असतो. फसविणारा आणि फसणारा एकच कसा, हे कोडे सार्त्र यांनी १९४३ मध्ये मांडले. आल्फ्रेड मेली यांनी २००१ मध्ये असे प्रतिपादन केले की, येथे फसविण्याचा हेतू असावाच लागत नाही. इच्छेमुळे पुराव्याकडे पाहण्याची दृष्टी कलली की पुरे.

या बाबतीत मराठीची रचना बोलकी आहे. आपण 'स्वतःची फसवणूक करून घेतो'. 'करून घेणे' या संयोगात कर्तृत्व आणि भोग दोन्ही एकत्र येतात. नुसते 'माझा समज चुकला' म्हटल्यास ती साधी चूक ठरते, आणि तिला इंग्रजीत 'मिस्टेकन' हाच शब्द योग्य. 'मी या क्षणी स्वतःला फसवीत आहे' हे वाक्यही सरळ अर्थाने सहसा टिकत नाही; ज्याला ते उमगले तो पाशातून अर्धा सुटलाच. म्हणून प्रथमपुरुषी हा प्रयोग बहुधा भूतकाळातच स्वाभाविक वाटतो.

तात्पर्य, हे क्रियापद योजण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: खोटी समजूत खरोखर झाली काय? कर्ता मनुष्य असल्यास हेतूला पुरावा आहे काय? आणि हानी समजुतीची आहे की मालमत्तेची? उत्तरे मिळाली की योग्य शब्द आपोआप ठरतो.